प्रतिभावान स्त्री आणि स्वतःच्या क्षमतेचा स्वीकार : खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगाव जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत २७ वर्षे गणित शिकवले. निवृत्तीनंतर जुन्या विद्यार्थिनी भेटू लागल्या. कुणी लग्नकार्यात, कुणी बाजारात, तर कुणी रात्री घरची कामे आटोपल्यावर फोनवर. फळ्यावर मी गणित लिहून पूर्ण करण्याआधी ज्यांचे उत्तर तयार असायचे, त्यांच्यापैकी कितीतरी जणी आज ‘बाई, मला कुठे काय येते?’ असे म्हणतात आणि त्यांना ते खरेच वाटत असते. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांतील स्त्रियांनी मला पुन्हा पुन्हा विचारलेले प्रश्न आणि त्यांना मी विचारपूर्वक दिलेली उत्तरे येथे एकत्र केली आहेत.

‘प्रतिभावान’ किंवा ‘गिफ्टेड’ नेमके कोणाला म्हणतात? मी त्यात मोडते का?

याची एकच सर्वमान्य व्याख्या नाही. बुद्ध्यांकाच्या मोजपट्टीवर सरासरी १०० धरली जाते आणि १३० किंवा त्याहून अधिक गुण मिळवणारे, म्हणजे लोकसंख्येतील सुमारे २ टक्के लोक, सामान्यतः असाधारण बुद्धीचे मानले जातात. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ जोसेफ रेन्झुली यांनी १९७८ मध्ये केवळ बुद्ध्यांकावर भर न देता तीन गोष्टींचा संगम महत्त्वाचा मानला : सरासरीहून वरची क्षमता, सर्जनशीलता आणि हाती घेतलेल्या कामाला चिकटून राहण्याची वृत्ती. कॅनडातील फ्रांस्वा गान्ये यांनी केलेला भेद मात्र मला आपल्याकडील स्त्रियांच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी वाटतो. निसर्गतः लाभलेली क्षमता ही एक गोष्ट आणि शिक्षण, सराव व संधी यांतून त्या क्षमतेचे तयार झालेले कौशल्य ही दुसरी गोष्ट, असे ते मानतात. ज्या मुलीचे लग्न बारावीच्या निकालाआधीच ठरले, तिच्या बाबतीत दुसरी गोष्ट घडली नसेल. पण म्हणून पहिली नव्हतीच, असा निष्कर्ष काढता येत नाही, आणि आपल्याकडे नेमका तोच काढला जातो.

बचत गटातील दहा जणींची कर्जे, व्याज आणि थकबाकी वही न उघडता सांगणारी स्त्री मी पाहिली आहे. वेचलेल्या कापसाचे गाठोडे काट्यावर चढण्याआधीच त्याचे वजन सांगणारी आणि एकदा ऐकलेले गाणे चालीसकट उचलणारीही पाहिली आहे. घरातील दोन माणसांच्या भांडणात न बोललेले काय आहे, हे अचूक ओळखणारी स्त्री तर जवळपास प्रत्येक गावात असते, आणि तिची ही समज कोणत्याही प्रचलित बुद्धिमापन चाचणीत धड मोजली जात नाही. लहानपणापासून तुम्हाला गोष्टी इतरांपेक्षा लवकर उमगत असतील, एखाद्या विषयाच्या तळाशी गेल्याशिवाय चैन पडत नसेल आणि तेच ते काम करताना मन कोंडल्यासारखे होत असेल, तर ‘मी त्यात मोडते का’ हा प्रश्न स्वतःला गांभीर्याने विचारायला कोणाच्या प्रमाणपत्राची गरज नाही.

माझे शिक्षण दहावीपर्यंतही झाले नाही. मग ‘प्रतिभा’ हा शब्द मला कसा लागू होईल?

हा प्रश्न खान्देशात विचारला जातो, याचे मला दर वेळी वाईट वाटते, कारण त्याचे उत्तर आपल्याच मातीत आहे. बहिणाबाई चौधरी यांचा जन्म १८८० मध्ये जळगावजवळच्या आसोदे येथे झाला. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, चुलीपाशी, जात्यावर त्यांना गाणी सुचत आणि त्या ती आपल्या बोलीत म्हणत. त्यांचे चिरंजीव सोपानदेव, जे स्वतः कवी होते, आणि घरातील एका नातलगाने त्यांतील काही गाणी टिपून ठेवली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या. त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्रे यांना दाखवली आणि १९५२ मध्ये ती गाणी पुस्तकरूपाने महाराष्ट्रासमोर आली. २०१८ पासून जळगावच्या विद्यापीठाला त्यांचे नाव आहे. ज्या बाईने शाळेचा उंबरठा ओलांडला नाही, तिच्या नावाच्या पदव्या आज आपली मुले घेतात.

हे सांगितले की पुष्कळ जणी म्हणतात, ‘त्या बहिणाबाई होत्या, आम्ही कोण?’ मला या गोष्टीतून वेगळेच दिसते. अक्षरओळख नसतानाही क्षमता पूर्ण होती. टिकून राहायला तिला फक्त एका वहीची गरज होती, आणि ती वही दुसऱ्याच्या हातात होती. टिपून ठेवणारा मुलगा ज्यांच्या घरात नव्हता, अशा किती जणींची गाणी, किती जणींची औषधी वनस्पतींची माहिती, किती जणींची हिशेबाची रीत त्यांच्याबरोबर गेली असेल, हे सांगता येत नाही. तुमच्यापैकी बहुतेकींना लिहिता येते आणि जवळपास प्रत्येकीच्या हातात आवाज नोंदवणारा फोन आहे. आपल्यातले जे आहे ते टिपण्याचे काम मुलावर किंवा नातवावर सोडू नका.

आपण हुशार आहोत असे स्वतःच मानणे, हा गर्व नाही का?

सर्वाधिक वेळा विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, आणि बाकीच्या प्रश्नांचे मूळही येथेच आहे, म्हणून त्याला थोडे सविस्तर उत्तर देते.

तापीकाठच्या काळ्या, कसदार जमिनीचा मालक ‘माझी जमीन काळी आहे’ असे म्हणतो, तेव्हा कोणी त्याला गर्विष्ठ म्हणत नाही. त्याने विनयाने ती मुरमाड आहे असे म्हटले आणि स्वतःच त्यावर विश्वास ठेवला, तर तो तेथे केळी लावणार नाही, विहिरीवर खर्च करणार नाही, आणि दहा वर्षांनी त्या शिवारात खरेच काही नसेल. मग लोक म्हणतील, जमीन मुरमाडच होती. स्वतःच्या क्षमतेविषयी खरे बोलणे हे माती परीक्षणाच्या अहवालासारखे आहे. अहवालात जे आहे ते लिहायचे असते, कमीही नाही आणि जास्तही नाही. गर्व तेथे सुरू होतो, जेथे आपल्या जमिनीचा कस सांगताना शेजारच्या जमिनीला नावे ठेवली जातात.

आपल्याकडे अहिराणीत ‘माले काही येत नही’ आणि लेवा बोलीत ‘मले काही येत नाही’ हे वाक्य बायका शिष्टाचार म्हणून बोलतात. पाहुण्यांसमोर, सासरी पहिल्यांदा स्वयंपाकघरात गेल्यावर, गाणे म्हणायचा आग्रह झाल्यावर तसे म्हणण्याची रीत आहे, आणि त्या रीतीत गोडवाही आहे. मी ती मोडायला सांगत नाही. अडचण अशी आहे की जे वाक्य वीस वर्षे तोंडाने म्हटले, ते एके दिवशी मनही म्हणू लागते. विनय आणि विश्वास यांच्यात अंतर राखणे हे खरे काम आहे. चारचौघांत तुम्ही हवे ते बोला; पण रात्री स्वतःशी बोलताना तरी खोटे बोलू नका.

चांगले यश मिळाले तरी ‘हे नशिबाने मिळाले, कधीतरी मी उघडी पडेन’ असे का वाटते?

या भावनेला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स यांनी १९७८ मध्ये नाव दिले. मराठीत तिला तोतयेपणाची भावना म्हणता येईल. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंचा तोतया उभा राहिला, हे आपण इतिहासात वाचतो. तो जो नव्हता ते असल्याचा दावा करत होता. येथे उलटे घडते. स्त्री खरोखर ती असते आणि तरीही मनोमन स्वतःला तोतया समजते. क्लान्स आणि आइम्स यांनी १५० हून अधिक यशस्वी स्त्रियांच्या अनुभवावरून लिहिले की पदव्या, पुरस्कार आणि सहकाऱ्यांची मान्यता असूनही त्या आपले यश नशिबाला, परीक्षकांच्या चुकीला किंवा कोणाच्या मेहेरबानीला जोडत होत्या. त्यांच्या बालपणात दोन प्रकारची घरे आढळली. एका प्रकारात हुशारीचा मान भावंडांपैकी दुसऱ्या कोणाला आधीच दिलेला होता आणि हिला ‘मायाळू’, ‘समंजस’ अशी ओळख मिळाली होती. दुसऱ्या प्रकारात मुलीला सगळे विनासायास येते असे घरचे मानत, त्यामुळे जरा कष्ट पडले की आपण मुळात हुशार नाहीच, असे तिला वाटे. पहिल्या प्रकारचे घर मी खान्देशात इतक्या वेळा पाहिले आहे की ते वाचताना मला माझ्या वर्गातील ठरावीक चेहरे आठवले.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवाव्यात. त्या स्त्रिया अमेरिकेतील आणि प्रामुख्याने सुस्थितीतील होत्या, त्यामुळे त्यांचे सर्वच निष्कर्ष जसेच्या तसे आपल्याला लागू होतील असे नाही. आणि पुढील अभ्यासांत ही भावना पुरुषांमध्येही आढळली. शिवाय हा आजार नाही. ज्या कार्यालयात तुमचे बोलणे अर्ध्यावर तोडले जाते आणि तेच वाक्य दुसऱ्याने उच्चारले की माना डोलतात, तेथे आपल्याविषयी शंका वाटणे हा केवळ तुमच्या मनाचा दोष नव्हे. जागेचा दोष जागेकडेच ठेवावा.

उपाय म्हणून मी एक वही ठेवायला सांगते. डावीकडे आपण काय केले ते लिहावे, उजवीकडे ते कशामुळे जमले ते. माझी एक विद्यार्थिनी अभियांत्रिकीला चांगल्या गुणांनी गेली आणि मला म्हणाली, ‘पेपर सोपा होता, बाई.’ मी तिला विचारले, तो सोपा पेपर तुझ्या वर्गात आणखी किती जणींना सोपा गेला? ती बराच वेळ गप्प राहिली. उजवीकडच्या रकान्यात ‘नशीब’ लिहायला बंदी नाही. पण दर पानावर फक्त तेच येत असेल, तर हिशेबात चूक आहे आणि ती शोधली पाहिजे.

लहानपणी धीट असलेली मुलगी मोठी होताना मागे का सरते?

क्षमता घटते म्हणून नव्हे, एवढे निश्चित सांगता येते. स्कॉटलंडमध्ये १९३२ साली जवळपास एका संपूर्ण वयोगटाची, म्हणजे ८० हजारांहून अधिक अकरा वर्षांच्या मुलामुलींची, बुद्धिमापन चाचणी झाली. त्या गुणांच्या पुढे झालेल्या विश्लेषणात मुले आणि मुली यांच्या सरासरीत अर्थपूर्ण फरक आढळला नाही. अगदी वरच्या आणि अगदी खालच्या अशा दोन्ही टोकांना मुलगे काहीसे अधिक होते. विश्वास मात्र लवकर ढळतो. २०१७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात पाच वर्षांच्या मुलींनी ‘खूप खूप हुशार’ व्यक्ती म्हणून आपल्याच लिंगाची व्यक्ती मुलांइतक्याच सहजतेने निवडली, पण सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये हे प्रमाण कमी झाले, आणि ‘हा खेळ खूप हुशार मुलामुलींसाठी आहे’ असे सांगितलेल्या खेळाकडे त्या कमी वळल्या. सहा वर्षे म्हणजे आपल्याकडे पहिलीचा वर्ग.

आपल्या घरांतले शब्द ऐकून पाहा. मुलगा पटकन उत्तर देतो तेव्हा तो ‘डोकेबाज’ असतो. मुलगी देते तेव्हा ती ‘गुणाची’ किंवा ‘अभ्यासू’ असते, आणि जरा जास्त बोलली तर ‘आगाऊ’. शब्द प्रेमाने वापरलेले असतात, याबद्दल मला शंका नाही. पण डोके त्याचे आणि मेहनत तिची, अशी वाटणी त्यांत होऊन जाते.

माझी हुशारी दिसली की घरात ताण येतो. पतीला कमीपणा वाटू नये म्हणून मी गप्प राहते. हे योग्य आहे का?

गप्प राहणाऱ्या स्त्रीला मी दोष देणार नाही. तिच्या घरात काय घडते ते तिलाच ठाऊक असते. पण गप्प राहणे हा कायमचा तोडगा समजू नये, कारण त्याची किंमत हळूहळू वाढत जाते.

यावल तालुक्यातील माझी एक विद्यार्थिनी केळीच्या बागेचे सगळे गणित करत असे : ठिबकमधून किती खत सोडायचे, निसवण, म्हणजे घड बाहेर पडणे, कधी होईल, कटाई कोणत्या आठवड्यात आली तर भाव काय मिळेल. व्यापाऱ्यासमोर मात्र हे सगळे पतीच्या तोंडून जात असे. तिने मला विचारले तेव्हा मी तिला एकच छोटी गोष्ट सुचवली. पतीला खाली पाहावे लागेल असे काही न बोलता, फक्त जे खरे आहे ते त्याच्यासमोर म्हणायचे : ‘हा हिशेब मी केला आहे, त्यात काही विचारायचे असेल तर मला विचारा.’ पहिल्यांदा ती हे बोलली तेव्हा घरात आठवडाभर अबोला होता. तिची बाजू घेतली ती सासऱ्यांनी, कारण चार हंगामांचे पैसे त्यांनी मोजले होते. पती आजही फारसे काही बोलत नाहीत. पण व्यापाऱ्याचा फोन आला की ते फोन तिच्या हातात देतात. प्रत्येक घरात असे होईलच, असे मी म्हणत नाही.

दुसऱ्याचा कमीपणा आणि आपली क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपण लहान झाल्याने दुसरा मोठा होत नाही; फक्त घरातील एकूण शहाणपण कमी होते. आणि बोलल्यामुळे मारहाण किंवा धमकी होत असेल, तर प्रश्न क्षमतेच्या स्वीकाराचा राहत नाही, सुरक्षिततेचा होतो. अशा वेळी १८१ या महिला मदत क्रमांकावर संपर्क साधावा.

डोक्यात सतत विचार चालू असतात, लहानसहान गोष्टी मनाला लागतात, झोप येत नाही. हे हुशारीचे लक्षण की आजाराचे?

दोन्ही असू शकते, म्हणून घाईने कोणताही निष्कर्ष काढू नये. पोलंडचे मनोविकारतज्ज्ञ काझिमिएझ डाब्रोव्स्की यांनी काही व्यक्तींमध्ये शरीर, इंद्रिये, बुद्धी, कल्पना आणि भावना या पाच अंगांनी दिसणाऱ्या तीव्र संवेदनशीलतेचे वर्णन केले आहे, आणि अनेक प्रतिभावान स्त्रियांना ते वाचून ‘हे तर माझेच वर्णन’ असे वाटते. ते वर्णन आधार देणारे असले तरी ते निदान नाही. एकाग्रतेच्या अडचणी मुलींमध्ये अनेकदा दडून राहतात, कारण त्या वर्गात दंगा करत नाहीत, नुसत्या खिडकीबाहेर पाहत बसतात. बुद्धीच्या जोरावर त्या वर्षानुवर्षे निभावून नेतात आणि घर, नोकरी, मुले असा भार एकदम पडला की मोडून पडतात. अशा एका मुलीला मी स्वतः ‘लक्ष देत नाहीस’ म्हणून वर्गाबाहेर उभे केले होते. तेव्हा मला हे माहीत असायला हवे होते.

उदासी, निद्रानाश किंवा जगण्याविषयीची निरिच्छा दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. केंद्र सरकारच्या ‘टेलि-मानस’ सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि तेथे मराठीतही बोलता येते.

या वयात बुद्ध्यांक चाचणी करून घ्यावी का?

बहुतेकींना गरज नाही. मुलांसाठी मराठीत रूपांतरित झालेली बिने-कामत चाचणी आणि मालिन यांची भारतीय मुलांसाठीची चाचणी जुन्या काळापासून वापरात आहेत; प्रौढांसाठी वेश्लर यांच्या चाचण्या आणि रेव्हन यांच्या आकृतिबंधांच्या चाचण्या प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ घेतात. पुण्यात १९६२ मध्ये सुरू झालेली ज्ञानप्रबोधिनी ही बुद्धिमान विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी उभी राहिलेली संस्था आहे आणि मानसशास्त्रीय चाचण्यांचे कामही तेथे चालते. मात्र फोनवर दहा मिनिटांत बुद्ध्यांक सांगणाऱ्या चाचण्यांवर विसंबू नये, मग त्यातून आलेला आकडा मोठा असो वा लहान.

माझे वय ४५ आहे. आता हे कळून काय उपयोग? उलट दुःखच जास्त होते.

हे दुःख खरे आहे आणि त्याला जागा दिली पाहिजे. आपण काय होऊ शकलो असतो हे उशिरा कळणे, ही एक प्रकारची मृत्यूची वार्ता असते. जी बाई आपण झालो असतो, ती गेल्याची. ‘जे झाले ते चांगल्यासाठीच’ असे म्हणून त्यावर घाईने पदर ओढू नये. रडावेसे वाटले तर रडावे. ज्यांनी शिकू दिले नाही त्यांचा राग आला तरी तो स्वाभाविक आहे. त्यांच्यापैकी बहुतेकांना याहून वेगळे काही ठाऊक नव्हते हेही खरे, पण ते समजून घेण्याचे काम राग ओसरल्यावर करता येते.

हे फक्त आपल्याच भागात घडले असेही नाही. १९२१ मध्ये लुईस टर्मन यांनी कॅलिफोर्नियातील सुमारे १,५०० अतिशय बुद्धिमान मुलामुलींचा अभ्यास सुरू केला आणि तो त्यांच्या आयुष्यभर चालू राहिला. निवडताना मुलींची बुद्धी मुलांसारख्याच कसोटीवर पारखली होती. तरी मोठेपणी पुरुषांनी नामांकित व्यवसाय गाठले आणि स्त्रियांपैकी अनेक जणी गृहिणी झाल्या किंवा शिक्षिका, कारकून अशा त्या काळी स्त्रियांसाठी खुल्या असलेल्या मोजक्या कामांत राहिल्या. घरदार सांभाळणे कमी प्रतीचे आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. निवड करण्याची मोकळीक कोणाला होती, एवढाच प्रश्न आहे.

उपयोगाचे म्हणाल, तर पुष्कळ काही उरलेले आहे. अर्धवट राहिलेली दहावी-बारावी १७ नंबरचा अर्ज भरून खासगीरीत्या देता येते. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची, ज्याची स्थापना १९८९ मध्ये झाली, अभ्यासकेंद्रे आपल्या जिल्ह्यांतही आहेत. पण प्रत्येकीने परीक्षाच द्यावी असे नाही. धुळ्याच्या एका बाईंनी वयाच्या ५२व्या वर्षी फक्त स्वतःसाठी भूमिती पुन्हा सुरू केली. त्या मला प्रमेयांची पाने फोटो काढून पाठवतात. परवा त्यांनी एक सिद्धता माझ्यापेक्षा दोन पायऱ्या कमी करून दाखवली. त्याचे गुण कुठे मिळणार नाहीत, आणि त्यांनी ते मागितलेही नाहीत.

कोणी कौतुक केले तर काय म्हणावे?

‘धन्यवाद, मी त्यावर खूप काम केले होते.’ एवढे म्हणून थांबावे. लगेच चूक दाखवू नये, लगेच उलट कौतुक करू नये, आणि ‘देवाची कृपा’ म्हणायचे असेल तर ते आपल्या मेहनतीच्या जागी नाही, तिच्या जोडीला म्हणावे. सुरुवातीला हे वाक्य घशात अडकते. आरशासमोर म्हणून पाहावे.

सगळे येते म्हणून सगळी कामे माझ्याच गळ्यात पडतात. मग क्षमता दाखवूच नये असे वाटते.

आपल्याकडे सालदाराचे, म्हणजे वर्षभरासाठी ठेवलेल्या शेतगड्याचे, साल आखाजीला (अक्षय तृतीयेला) ठरते : किती काम, किती पैसे, किती धान्य. हुशार सुनेचे, हुशार सेविकेचे, बचत गटाच्या हुशार सचिवाचे काम कधीच ठरत नाही, म्हणून ते वाढतच जाते. क्षमता लपवून हा प्रश्न सुटत नाही, कारण लपवताना ती आपल्या स्वतःच्या कामासाठीही उरत नाही. जे काम फक्त तुम्हीच करू शकता ते ठेवावे. जे दुसरीला शिकवता येते ते शिकवून सोडावे, ती पहिल्यांदा चुकली तरी. ‘मला येते’ आणि ‘मी करीन’ ही दोन स्वतंत्र वाक्ये आहेत.

माझी मुलगी हुशार आहे. माझ्यासारखे तिचे होऊ नये म्हणून मी काय करावे?

सर्वांत आधी तिच्यासमोर ‘मला काही कळत नाही, बाबांना विचार’ असे म्हणणे थांबवावे. मुलगी आईकडे पाहूनच ठरवते की मोठेपणी बाईच्या डोक्याचे काय होते. तुम्हाला गणित येत नसेल तर ‘मला हे अजून येत नाही, आपण दोघी बघू’ असे म्हणावे. कौतुक नेमके करावे. ‘हुशार आहेस’ म्हणण्यापेक्षा ‘हे उदाहरण तू उलट्या बाजूने सोडवलेस, ते मला सुचले नसते’ हे तिच्या जास्त लक्षात राहील, आणि पुढे एखादे उदाहरण अडले म्हणून ती स्वतःला मठ्ठ ठरवणार नाही.

संधींची माहिती वेळेवर ठेवावी. राज्य शिष्यवृत्ती परीक्षा आणि सहावीसाठीची जवाहर नवोदय विद्यालयाची निवड परीक्षा या ग्रामीण मुलींसाठी मोठ्या वाटा आहेत. नवोदयमध्ये किमान एकतृतीयांश जागा मुलींसाठी असतात. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही विशेष प्रतिभा असलेल्या विद्यार्थ्यांना शोधून प्रोत्साहन देण्याचा उल्लेख आहे, त्यामुळे शाळेत जाऊन विचारणा करण्याचा तुम्हाला पूर्ण आधार आहे. तिला जवळच्या गावांची नावे सांगावीत. बोदवड तालुक्यातील नाडगावात जन्मलेल्या प्रतिभाताई पाटील जळगावात शिकल्या, १९६२ मध्ये वयाच्या २७व्या वर्षी आमदार झाल्या आणि २००७ मध्ये देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झाल्या. त्यांच्या राजकारणाविषयी कोणाचे मत काहीही असो, ती वाट आपल्याच एका लहान गावातून निघाली, हे मुलीला कळले पाहिजे. आणि परीक्षेत ती नापास झाली किंवा तिला गणिताऐवजी रांगोळीत रस वाटला, तर तुमची राहिलेली स्वप्ने तिच्या पाठीवर ठेवू नयेत.

माझ्यासारखा विचार करणारी दुसरी बाई गावात सापडत नाही. एकटेपणाचे काय करावे?

ती असते, पण तीही ‘मला काही येत नाही’ असेच म्हणत असते, त्यामुळे दोघी एकमेकींना ओळखत नाहीत. तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात एकच पुस्तक वारंवार कोण नेते, हे ग्रंथपालाला विचारावे. ग्रामसभेत नेमका प्रश्न विचारून लगेच खाली बसणाऱ्या बाईशी नंतर बोलावे. वय, जात, शिक्षण यांची बरोबरी शोधत बसू नये. माझी सर्वांत चांगली चर्चा शिरपूरकडच्या एका आजींशी होते. त्या पावरी बोलतात, मी मराठी, आणि मध्ये त्यांची नात असते. बी कोणत्या उतारावर का रुजते, याबद्दल त्यांचे विचार माझ्या विज्ञानाच्या पुस्तकांहून पुढचे आहेत.

आखाजीला सासुरवाशिणी माहेरी येतात, ही खान्देशची रीत या कामी फार सोयीची आहे. झाडाला झोके बांधलेले असतात, गौराईची गाणी चालू असतात आणि वर्गातल्या सगळ्या मैत्रिणी दोन-तीन दिवस एकाच गावात असतात. माझ्या १९९८च्या दहावीच्या वर्गातील पाच जणी गेली काही वर्षे दर आखाजीला दुपारी शाळेच्या ओट्यावर जमतात. प्रत्येकीने वर्षभरात स्वतः शोधून काढलेली एक गोष्ट सांगायची, असे त्यांनी ठरवले आहे. गेल्या वर्षी एकीने दुधाच्या हिशेबातील डेअरीच्या फॅटचे कोष्टक फळ्यावर मांडले, एकीने आपल्या अहिराणी कविता वाचल्या. पाचवी नुसती ऐकत बसली होती आणि निघताना म्हणाली की पुढच्या वर्षी तिलाही अर्धा तास हवा आहे.